मुलगी घडते, उरत नाही

जन्माआधीची वाढ आणि संप्रेरकं या विषयावर बोलायचं कबूल केलंय, तेव्हा वाढीकडे येतोच. पण आधी एक सल सांगू द्या. ‘गर्भ मुळात मुलीचा असतो, टेस्टोस्टेरॉन हे पुरुष संप्रेरक मिळालं तर मुलगा, नाही मिळालं तर मुलगी’ हे आपण सगळेच शिकलो. मला ते मनापासून खटकतं.

गर्भधारणेनंतर सहाएक आठवडे गर्भ इकडचाही नसतो आणि तिकडचाही नसतो. जननग्रंथी, म्हणजे जिचं पुढे वृषण किंवा अंडाशय होतं ती, दोघांत सारखीच दिसते. नळ्यांच्या दोन जोड्या प्रत्येक गर्भात असतात: एकीतून पुढे शुक्रवाहिन्या होऊ शकतात, दुसरीतून गर्भाशय आणि बीजवाहिन्या. यातली एक जोडी टिकते, एक जाते.

ती का जाते, हे आल्फ्रेद जोस्त या फ्रेंच संशोधकानं शोधलं. साल 1947. सशिणीचं पोट उघडायचं, आतल्या पिलाची जननग्रंथी काढायची, पिलू पुन्हा गर्भाशयात ठेवून टाके घालायचे, आणि ते जगून वाढेल अशी वाट पाहायची. पिलू केवढं? हाताच्या बोटापेक्षाही लहान! त्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांचा विचार केला की मी आजही थक्क होतो. ग्रंथी काढलेली सगळी पिलं, नरही, आतून मादीसारखी घडली. मग त्यानं ग्रंथीच्या जागी टेस्टोस्टेरॉनचा खडा ठेवला. नराच्या नळ्या टिकल्या, पण मादीच्याही गेल्या नाहीत! म्हणजे मादीच्या नळ्या घालवणारं आणखी काहीतरी वृषण स्रवत असणार. त्यालाच आज एएमएच, म्हणजे अँटी-म्युलेरियन हॉर्मोन, म्हणतात. वंध्यत्वाच्या उपचारात स्त्रियांची जी एएमएच तपासणी करतात, ती याचीच.

प्रयोग अस्सलच. पण त्यावरून लोकांनी ठरवलं की मुलगी व्हायला काही करावंच लागत नाही. 2017 साली उंदरांवर झालेल्या कामानं याला मोठा तडा गेला. मादी गर्भातल्या त्या नळ्यांभोवतीच्या ऊतीतून कूप-टीएफ-टू हे एकच प्रथिन नाहीसं केलं, तर टेस्टोस्टेरॉन नसतानाही नराच्या नळ्या टिकून राहिल्या. म्हणजे मादी गर्भात त्या आपोआप विरत नाहीत, त्या मोडून काढाव्या लागतात. अंडाशयाचंही तेच. 2009 मध्ये पूर्ण वाढलेल्या उंदरीणीत फॉक्सएलटू हे जनुक बंद केलं आणि अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या वागू लागल्या. अंडाशय आयुष्यभर अंडाशय राखावं लागतं. एवढ्या उद्योगाला ‘काही नसणं’ कसं म्हणायचं?

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. वाढीचं भराभर सांगतो.

पोटातल्या वाढीत ग्रोथ हॉर्मोनचा वाटा किरकोळ. ते नसलेलं बाळही जवळपास नेहमीच्या लांबीचं जन्मतं. खरं काम इन्सुलिन आणि त्याच्या जातकुळीतले आयजीएफ नावाचे वाढघटक करतात. आईला मधुमेह असेल तर साखर वारेतून पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि गुटगुटीत होतं. मेंदूसाठी थायरॉइडचं संप्रेरक लागतं, ते पहिले तीन महिने आईकडूनच येतं. म्हणून तिच्या थायरॉइडची तपासणी लवकर करा, हे कळकळीनं सांगतो.

मुलगे सरासरी शंभरेक ग्रॅमनी जड जन्मतात, पण फुप्फुसांत मुली पुढे असतात. फुप्फुसं पिकवतं कॉर्टिसॉल हे संप्रेरक. न्यूझीलंडच्या लिगिन्स या डॉक्टरांनी 1969 मध्ये कोकरांवर त्याचा प्रभाव दाखवला, आणि 1972 मध्ये सहकारी हॉवींसोबत मातांना तशाच औषधाचं इंजेक्शन देऊन अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास सावरला. पुरुष संप्रेरकं हे पिकणं थोडं लांबवतात. म्हणून त्याच आठवड्यात, तेवढ्याच वजनाची जन्मलेली दोन बाळं शेजारी ठेवली, तर श्वासासाठी झगडण्याचा धोका मुलाला जास्त असतो, आणि नवजात कक्षातल्या परिचारिका त्याच्यावर जरा जास्त नजर ठेवतात.