४८६ पायऱ्यांचं स्टेशन

नमस्कार श्रोतेहो. आज जाऊ या जपानमध्ये, गुन्मा प्रांतातल्या मिनाकामीच्या पुढच्या डोंगरांत. दोआई नावाचं एक छोटं स्टेशन आहे तिथे. टोकियोकडून येणारी गाडी आपल्याला उतरवते ती थेट बोगद्यात. भर उन्हाळ्यातही गारठा, पाण्याची झिरपण, आणि गाडी गेली की सगळं चिडीचूप. बाहेर कसं पडायचं? समोर सरळसोट जिना आहे, ४६२ पायऱ्यांचा. तो चढलात की १४३ मीटरची लांबलचक वाट, नदी आणि रस्ता ओलांडणारी, आणि तिच्यात वर आणखी २४ पायऱ्या. खाली पाटीच लावली आहे, की बाबांनो, दारापर्यंत दहा मिनिटं लागतील!

गंमत पुढेच आहे. टोकियोकडे परतणारी गाडी वर येते, मोकळ्या हवेत, साध्यासुध्या फलाटावर. स्टेशन एकच, पण दोन फलाटांच्या उंचीत सुमारे ७० मीटरचा फरक.

हे असं का झालं? खंडाळ्याच्या घाटात बोगदे मोजत वाढलेल्या आपल्याला हे चटकन कळेल. १९३१ साली इथून पहिली रेल्वे गेली, तेव्हा बोगदा होईल तितका आखूड ठेवायचा होता. म्हणून रूळ डोंगरातच गोल वळसा घेत वर चढवले आणि मग ९.७ किलोमीटरचा शिमिझु बोगदा खोदला. पुढे दुसरा रूळ टाकायची वेळ आली तोवर खोदाईचं तंत्र बरंच सुधारलं होतं. मग चढ चढायचा कशाला? १९६७ साली खालूनच सरळ साडेतेरा किलोमीटरचा नवा बोगदा निघाला. दोआई राहिलं वर, आणि त्याचा एक फलाट गेला डोंगराच्या पोटात. वळशाचा जुना मार्ग आता फक्त टोकियोकडे उतरणाऱ्या गाड्यांसाठी. म्हणजे वेग सगळ्यांना मिळाला, त्याची किंमत मात्र दोआईला उतरणाऱ्यांच्या गुडघ्यांनी मोजली.

जिन्याच्या कडेला एक रुंद पट्टा रिकामा आहे. सरकत्या जिन्यासाठी राखलेला. तो कधी बसलाच नाही. १९८२ मध्ये याच डोंगररांगेतून बुलेट ट्रेनचा २२ किलोमीटरचा तिसरा बोगदा सुरू झाला, लांब पल्ल्याचे प्रवासी तिकडे वळले. मूठभर लोकांसाठी एवढं यंत्र कोण बसवणार? मला विचाराल तर बसवलं नाही ते बरंच झालं. त्या जिन्यासाठीच आता लोक मुद्दाम तिथे उतरतात.

पूर्वी उतरायचे ते गिर्यारोहक. शेजारचा तानिगावा पर्वत उंचीला जेमतेम १,९७७ मीटर, पण त्याच्या कड्यांनी आजवर आठशेहून अधिक जीव घेतले आहेत. एव्हरेस्टपेक्षाही जास्त! रात्रीच्या गाडीनं यायचं आणि पाठीवर दोर-सामान घेऊन आधी हा जिना चढायचा. खरी चढाई त्यानंतर. १९८५ पासून इथे रेल्वेचा कर्मचारी नाही. होता तेव्हा खालच्या गाडीसाठीचं तिकीट तपासायचं फाटक गाडी सुटण्याच्या दहा मिनिटं आधीच बंद व्हायचं. उशिरा आलेला माणूस पळाला, तरी पोचणार कसा?

आता स्टेशनच्या आवारात कॅफे आहे, राहायला तंबू आहेत. गाड्या मात्र दिवसाला मोजक्याच. तेव्हा कधी गेलात, तर वर पोचल्यावर दम खाण्याआधी परतीचं वेळापत्रक बघा. आणि पुढे डोंगरापलीकडच्या निगाताकडे जायचं असेल, तर तीच ४८६ पायऱ्यांची वाट पुन्हा उतरायची आहे, हे विसरू नका. नमस्कार.