ओके आलं का?

[दृश्य: अंधारी खोली. भिंतीवरचं टच पॅनेल उजळतं. एक बोट 'सुरू' या बटणावर टेकतं.]

बोट टेकलं, उचललं. माणसाचं काम झालं. आता इथून पुढे खोलीचं काम: पडदा, दिवे, प्रोजेक्टर, आवाज, सगळं या एका बटणावर चालवणारी बैठकीची खोली.

[दृश्य: पडदा उतरतोय. पुढच्या रांगेवरचे दिवे मंदावतात. प्रोजेक्टरच्या जाळीतून आत फिरणारा पंखा.]

पडदा खाली येतोय, दिवे मंदावतायत. प्रोजेक्टरचा पंखा घुमायला लागलाय, पण उजेड अजून नाही. हा शॉट एका दमात मिळालेला नाही, हेही सांगून टाकतो. चौथ्या रिटेकला पडदा अर्ध्यावरच थांबला. त्याच्या नळीतली मोटर सलग काही मिनिटंच चालायची असते. तापली की आपली आपण बंद होते. ती निवेपर्यंत कॅमेरा लावून नुसते बसून होतो.

[दृश्य: टेबलावर ओळीने मांडलेले पाच रिमोट. एकाच्या पाठीचं झाकण गायब, एकावर चिकटपट्टी: 'फक्त आवाज'.]

याआधी हे सगळं या पाच जणांच्या ताब्यात होतं.

[दृश्य: रॅकचं दार उघडतं. मधल्या खणात एक बुटका काळा डबा. कॅमेरा त्याच्या पाठीमागे जातो.]

हा कंट्रोल प्रोसेसर, खोलीतल्या उपकरणांना हुकूम सोडणारा छोटा संगणक. चित्र आणि आवाज यांची वाट वेगळी, ती याच्या शेजारून जाते. याच्यातून जातात त्या कमांड. पाठीमागे बघा, कुणाशी कसं बोलायचं त्याची सोय वेगवेगळी आहे.

हा रिले. दोन तारा जोडायच्या नाहीतर सोडायच्या, एवढंच त्याला येतं. पडद्याला तेवढं पुरतं: एक रिले वर नेणारा, दुसरा खाली आणणारा. दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून प्रोग्राममध्ये इंटरलॉक टाकलेला असतो. तो विसरलेला प्रोग्रामर पुढच्या वेळी विसरत नाही.

[दृश्य: टीव्हीच्या कोपऱ्यात चिकटवलेला तांदळाच्या दाण्याएवढा इन्फ्रारेड एमिटर. समोर मोबाइलचा कॅमेरा. मोबाइलच्या स्क्रीनवर जांभळट ठिणगी.]

डोळ्यांना न दिसणारा हा उजेड मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकणारा. रिमोट करतो तेच हा करतो, फक्त हातात धरावा लागत नाही. पण हा बोलतो, ऐकत नाही. टीव्हीचा पॉवर कोड टॉगल असेल, म्हणजे चालू-बंदला एकच, आणि मघाशी कुणी टीव्ही हातानेच चालू करून गेलं असेल, तर 'सुरू' दाबल्यावर टीव्ही बंद होतो. पॅनेल मात्र ठामपणे दाखवतं: चालू. चालूचा आणि बंदचा कोड वेगळा असणारे टीव्ही मिळतात, त्याने हा घोळ टळतो. तरी गेलेली कमांड पोचली का, हे कळायला मार्ग नाहीच.

[दृश्य: क्लोज-अप. नऊ पिनांचा कनेक्टर. सोल्डरिंगचं टोक, धुराची रेघ, तीन तारा.]

आता हे बघा. इथे जरा थांबू.

नऊ पिना, त्यातल्या लागतात तीन. दोन नंबर ऐकायला, तीन नंबर बोलायला, पाच नंबर ग्राउंड. उपकरणांनी तारेवरून एकमेकांशी बोलायचं आरएस-२३२ नावाचं हे मानक १९६० सालचं. अशा खोल्यांची यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्यांतली मोठी नावं, म्हणजे १९७२ ची क्रेस्ट्रॉन, १९८२ ची एएमएक्स, १९८३ ची एक्स्ट्रॉन, ही सगळी याच्यापेक्षा धाकटी.

एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं, म्हणून दोन आणि तीन या तारा बऱ्याचदा उलटसुलट जोडाव्या लागतात. इथला पहिला कनेक्टर सरळ जोडला गेला होता. दोघंही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. सोल्डर वितळवून तारा पुन्हा जोडल्या, तोच हा शॉट. मग दोघांचा वेग जुळवायचा, बहुतेक ठिकाणी सेकंदाला ९६०० बिट. नाही जुळला तर लॅपटॉपवर असा कचरा येतो.

[दृश्य: लॅपटॉपवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. वेग बदलला जातो. स्वच्छ ओळ उमटते.]

आणि हे पहिलं स्वच्छ उत्तर.

[दृश्य: नेटवर्क केबल खटकन बसते. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं.]

तेच संभाषण नेटवर्कवरूनही होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रोजेक्टरांनी एकच भाषा बोलावी म्हणून जपानमधल्या उद्योगसंघटनेने पीजेलिंक आणलं. नेटवर्कवर त्याचं दार, म्हणजे पोर्ट, ४३५२. कमांड अशी: टक्क्याचं चिन्ह, एक, पी-ओ-डब्ल्यू-आर, मोकळी जागा, एक. शेवटी एंटर. तो एंटर राहिला तर प्रोजेक्टर वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत बसतो.

[दृश्य: खालची ओळ: बरोबरचं चिन्ह, ओके.]

ओके म्हणजे कमांड कळली. दिवा लागला असं अजून त्याने म्हटलेलं नाही, आणि इथेच घाईचे प्रोग्राम फसतात: ओके आलं की लगेच इनपुट बदलायची कमांड, आणि तापत असलेला प्रोजेक्टर उत्तर देतो, एरर तीन. म्हणजे आत्ता नाही, थांब.

म्हणून विचारायचं. शेवटच्या एकच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून तीच कमांड. एरर सोडली तर उत्तरं चारच: शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे चालू, दोन म्हणजे निवतोय, तीन म्हणजे तापतोय. सगळा प्रोग्राम या चार आकड्यांभोवती बांधायचा. तीन आहे तोवर पॅनेलवर 'थोडं थांबा'. एक आला की इनपुट, मग आवाज.

[दृश्य: स्क्रीनवर एकाखाली एक: तीन, तीन, तीन, एक. पडद्यावर उजेड पसरतो.]

[दृश्य: टेबलावर लॅपटॉप. एचडीएमआय केबल लागते. पडद्यावर स्लाइड.]

इथे बटणही दाबलेलं नाही. एचडीएमआयच्या अठराव्या पिनेवर लॅपटॉप ५ व्होल्ट देतो, तेवढ्यावरून कुणीतरी आल्याचं स्विचरला, म्हणजे कुठलं चित्र पडद्यावर न्यायचं ते निवडणाऱ्या डब्याला, कळतं.

छतावरच्या केबलचं जाळं कॅमेऱ्याला दिसलं नाही, ते सोडून देतो. अशा खोलीचं पुढे काय होतं, तर प्रोग्रामची मूळ फाइल हरवली की साधं नवीन बटण टाकायलाही सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि पासवर्ड न बदललेलं पॅनेल नेटवर्कवर कुणालाही उघडं असतं. असो.

[दृश्य: शेवटचा माणूस बाहेर पडतो. पॅनेलवर बोट: 'बंद'. उजेड जातो.]

उजेड गेला, पंखा चालूच आहे. प्रोजेक्टरच्या या जातीच्या दिव्यात पाऱ्याची वाफ वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाखाली तळपत असते. तो निवेपर्यंत पंख्याला वीज हवी. प्रोसेसर रॅकची वीज लगेच तोडत नाही. दर पाच सेकंदांनी विचारतो.

दोन.

दोन.

[निवेदन नाही. फक्त पंख्याचा आवाज. रिकाम्या खुर्च्या. स्क्रीनवर: दोन, दोन, दोन, शून्य. रॅकमध्ये रिलेची टिक. पडदा वर जाऊ लागतो.]