टोपी कुणासमोर काढायची?

मंडळी, आज मी एका टोपीबद्दल बोलणार आहे, आणि ती काढायला नकार देणाऱ्या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाबद्दल.

१६५६ चा मार्च महिना. इंग्लंडच्या पार पश्चिमेला कॉर्नवॉल परगण्यात लॉन्सेस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या कोर्टात काही कैदी आणले गेले. समोर खुद्द सरन्यायाधीश ग्लिन बसलेले. कैद्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या नाहीत. न्यायमूर्ती भडकले. कैद्यांमधला म्होरक्या होता जॉर्ज फॉक्स, लेस्टरशायरमधल्या एका विणकराचा मुलगा, वय बत्तीसच्या आतबाहेर. तो शांतपणे म्हणाला, न्यायाधीशासमोर टोपी काढावी असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय ते दाखव. न्यायमूर्तींना वाटलं, आता हा सापडला. त्यांनी उलट विचारलं, मोझेसपासून दानिएलपर्यंत कुणाच्या डोक्यावर टोपी होती तरी का? फॉक्सनं तिथल्या तिथे उत्तर दिलं: दानिएलच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढ, राजाच्या हुकमानं तिघांना भट्टीत टाकलं ते अंगरख्या-टोप्यांसकट. यावर ग्लिनसाहेबांना एकच सुचलं, ‘न्या याला इथून!’

आपल्याला हे जरा उलटं वाटतं. आपल्याकडे पागोट्याशिवाय, बोडक्यानं चारचौघांत जाणं हाच अपमान होता. तिकडे वरच्या माणसासमोर टोपी उतरवायची आणि बरोबरीच्यासमोर ठेवायची, असा रिवाज. त्यामुळे डोक्यावरची टोपी म्हणजे समाजातलं कोण कुठल्या पायरीवर उभं आहे याचा रोजचा हिशेब होता. फॉक्स आणि त्याचे सोबती तो हिशेब मांडायलाच तयार नव्हते.

टोपीपेक्षाही झोंबणारी गोष्ट होती त्यांची भाषा. ती मात्र मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजीत तेव्हा ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन शब्द होते. ‘तू’ म्हणायचं पोराला, नोकराला, बायकोला आणि देवाला. साहेबाला, जमीनदाराला, न्यायाधीशाला ‘तुम्ही’. या लोकांनी सरसकट ‘तू’ लावलं. त्यांचा मुद्दा व्याकरणाचा होता आणि श्रद्धेचाही: एकाच माणसाला अनेकवचन लावणं म्हणजे खोटं बोलणं, आणि जो शब्द देवाला चालतो तो मॅजिस्ट्रेटला का चालू नये? कल्पना करा, कलेक्टर कचेरीत जाऊन कुणी म्हणालं, ‘तू ही सही कर.’ किती जणांनी नुसत्या ‘तू’पायी मार खाल्ला असेल.

यांना ‘क्वेकर’ हे नाव चेष्टेनं पडलं. १६५० मध्ये डर्बीला फॉक्सवर ईश्वरनिंदेचा खटला झाला. तिथे तो न्यायाधीश बेनेटला म्हणाला, प्रभूच्या वचनापुढे थरथर काप. तेव्हा बेनेटनं यांना ‘थरथरणारे’ म्हटलं, असं फॉक्स स्वतः सांगतो. ते मात्र एकमेकांना ‘मित्र’ म्हणत. (दुकानात ओट्सच्या डब्यावर जो टोपीवाला दिसतो, त्या कंपनीचा या पंथाशी काडीचा संबंध नाही. हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, म्हणून आधीच सांगून टाकतो.)

आता वादाच्या मुळाशी येऊ. टोपी आणि ‘तू’ ही वरची पानं होती. मूळ होतं ते ‘आतल्या प्रकाशा’त. ख्रिस्त प्रत्येकाच्या आत उजेड पाडतो, बाईच्या, नांगरधारकाच्या, मोलकरणीच्याही, आणि तो उजेड पुरेसा आहे, असं हे सांगत. मग पगारी धर्मगुरू कशाला? त्याला पोसायला पिकाचा दहावा हिस्सा कशाला द्यायचा? चर्चला हे चर्च म्हणतच नसत, ‘मनोऱ्याचं घर’ म्हणत. प्रवचन चालू असताना मध्येच उभं राहून पाद्र्याला जाब विचारत. येशूनं शपथ घेऊ नका सांगितलंय, म्हणून कोर्टात शपथही नाकारत. पाद्र्यांचा राग पोटापाण्यापुरता होता असं मात्र समजू नका. त्यांचा एक प्रश्न अगदी खरा होता: आतून बोलतोय तो ख्रिस्तच कशावरून? तो आपला अहंकार असेल, किंवा सैतान असेल, तर ते ठरवायचं कुणी?

या प्रश्नाला रक्तामांसाचं रूप आलं ते जेम्स नेलरच्या रूपानं.

नेलर यॉर्कशायरचा शेतकरी. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजेत क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद आणि मुक्काम पाहणारा, होता. बोलायला फॉक्सपेक्षा सरस, असं त्याच्या शत्रूंचंही मत. लंडनमध्ये त्याच्याभोवती माणसं गोळा झाली, आणि त्यातल्या काहींचा, विशेषतः मार्था सिमंड्स या बाईचा, त्याच्यावर वेगळाच विश्वास बसला. १६५६ च्या सप्टेंबरात नेलर एक्झेटरच्या तुरुंगात होता. लॉन्सेस्टनहून नुकताच सुटलेला फॉक्स त्याला भेटायला गेला. तुरुंगात प्रार्थना झाली. क्वेकर माणसासमोर टोपी काढत नसत, पण प्रार्थनेला, देवासमोर, काढत. फॉक्स प्रार्थना करत असताना नेलरनं टोपी डोक्यावरच ठेवली.

या एका कृतीचा अर्थ फॉक्सला लगेच कळला: तुझ्या तोंडून देव बोलतोय हे मला मान्य नाही. सरन्यायाधीशाला जे अस्त्र दाखवलं होतं तेच आता त्याच्यावर उलटलं होतं. पुढे दोघांची गाठ पडली तेव्हा नेलर चुंबन घ्यायला पुढे झाला. फॉक्सनं आपला पाय पुढे केला.

सगळ्यांना सारखं ‘तू’ म्हणणारा माणूस मित्राला पाय दाखवतो, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

तुरुंगातून सुटल्यावर ऑक्टोबरात, भर पावसात, नेलर घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला. सोबत मूठभर माणसं, गुडघाभर चिखल, आणि बायका लगाम धरून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असं गात चाललेल्या. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचा तो देखावा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याला अटक झाली. झडतीत पत्रं सापडली. हॅना स्ट्रेंजरनं त्याला देवाचा एकुलता पुत्र म्हटलेलं, आणि तिच्या नवऱ्यानं खाली जोडलेलं की तुझं नाव यापुढे जेम्स नाही, येशू. डॉर्कस एर्बरी म्हणाली, मी दोन दिवस मेलेली होते, यानं मला उठवलं. आणि नेलर? तू देवाचा पुत्र आहेस का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘आहे, पण मला भाऊ पुष्कळ आहेत.’ पुढे पार्लमेंटसमोर त्यानं सांगितलं की देवाचा मान मला, या देहाला, कुणी द्यावा याची मला घृणा आहे. प्रभूनं मला फक्त एक खूण म्हणून उभं केलं.

हा बचाव म्हणून बघा, की वेड म्हणून. मला स्वतःला तो क्वेकर शिकवणीचा शेवटपर्यंत ओढलेला धागा वाटतो. उजेड सगळ्यांत असेल, तर कुणाच्याही रूपात त्याचं दर्शन घडवता येईल. अडचण एवढीच की खूण आणि खुणेची वस्तू यांतला फरक सोबतच्या मंडळींना उरला नव्हता.

कायद्यानं पाहिलं तर १६५० च्या ईश्वरनिंदा कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद होती. पार्लमेंटला ती पुरेशी वाटली नाही. देशाचं सगळं काम बाजूला ठेवून सभागृहानं दहाएक दिवस या एका माणसावर वाद घातला. फाशीचा ठराव ८२ विरुद्ध ९६ मतांनी फेटाळला गेला. मग फटके, डाग आणि कैद ठरली. तेव्हा देशाचा कारभार हाती असलेल्या क्रॉमवेलनं नंतर पत्र पाठवून विचारलं की तुम्ही हे कुठल्या अधिकारात केलंत? त्याला धड उत्तर मिळालं नाही. एकाच सभागृहानं कायदाही करायचा आणि न्यायही, हे किती धोक्याचं आहे ते या खटल्यानं उघडं पाडलं, आणि पुढच्याच वर्षी दुसरं सभागृह आलं.

१८ डिसेंबरला नेलरला गाडीमागे बांधून लंडनच्या रस्त्यांतून ३१० फटके मारले. जखमा धुणाऱ्या बाईनं सांगितलं, नखाएवढीही जागा कोरी राहिली नव्हती. त्यामुळे उरलेली शिक्षा आठवडाभर पुढे गेली. २७ तारखेला त्याच्या जिभेला तापल्या लोखंडानं भोक पाडलं आणि कपाळावर ईश्वरनिंदकाचं अक्षर डागलं. रॉबर्ट रिच नावाचा व्यापारी शेजारी उभा होता, त्यानं ती जखम चाटली. जमलेल्या हजारोंनी दगड मारले नाहीत, शिव्याही फारशा दिल्या नाहीत. कपाळावर डाग बसत असताना पुढचे, मागचे, आजूबाजूचे सगळे लोक डोक्यावरच्या टोप्या काढून उभे राहिले.

पुष्कळसे क्वेकर मात्र त्याच्यापासून दूर सरले होते. तीन वर्षांनी तो सुटला, फॉक्सपुढे गुडघे टेकून समेट केला. १६६० च्या ऑक्टोबरात यॉर्कशायरला घरी पायी निघाला असताना हंटिंग्डनजवळ चोरांनी त्याला लुबाडून बांधून टाकलं. संध्याकाळी शेतात तो कुणालातरी सापडला. काही दिवसांतच गेला. वाईट न करण्यात आणि सूड न घेण्यात ज्याला आनंद आहे असा आत्मा मला जाणवतो, अशा अर्थाचं त्याचं शेवटचं बोलणं कुणीतरी टिपून ठेवलं.

त्याचे लेख एकत्र करून छापायला क्वेकरांना १७१६ साल उजाडलं. छापणाऱ्यांनी त्यातलं सगळंच घेतलं नाही.