हप्ता आधी, जोता नंतर

[दृश्य: नुकत्याच भरलेल्या जोत्यावर उभी बाई. समोर मोबाइल धरलेला गृहनिर्माण अभियंता.]

जोत्याच्या मधोमध उभं राहायचं. चेहरा दिसला पाहिजे आणि मागचं बांधकामही. फोटो निघतो, जागेचे अक्षांश-रेखांश त्यातच नोंदले जातात, आणि तो आवाससॉफ्टवर, म्हणजे योजनेच्या सरकारी संगणक प्रणालीवर, चढतो. गावात याला सगळे ‘जिओ टॅगिंग’च म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीबाईंनाही हा शब्द पाठ आहे, कारण हा फोटो चढल्याशिवाय घरकुलाचा दुसरा हप्ता निघत नाही.

[दृश्य: जोत्याचे दगड, मुरूम, कडेला रचलेल्या विटा.]

आता या जोत्याकडे नीट बघा. खोदाई झाली, दगड आला, मुरूम भरला, गवंड्याची मजुरी गेली. पहिला हप्ता होता 15 हजार रुपयांचा. 15 हजारात असा जोता होत नाही, हे इथला प्रत्येक गवंडी सांगेल. मग बाकीचे पैसे आले कुठून? आपला हा माहितीपट या एकाच प्रश्नाच्या मागे जातो.

[दृश्य: ग्रामसभा. पारावर बसलेली माणसं. यादी वाचणारे ग्रामपंचायत अधिकारी.]

आधी यादी. सरकारने गरिबाला घर बांधायला पैसे द्यायचे, ही कल्पना इंदिरा आवास योजनेतून 1985 साली आली आणि 1996 पासून ती स्वतंत्र योजना झाली. 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणने घेतली. सपाट भागात 70 हजार मिळायचे, त्याचे 1 लाख 20 हजार झाले. डोंगरी आणि दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. घर किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. शौचालयाचे 12 हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून नव्वदेक दिवसांची मजुरी.

नावं आली 2011 च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतून. त्यात जे सुटले त्यांच्यासाठी 2018 साली आवास प्लसचं सर्वेक्षण सुरू झालं. महाराष्ट्रात त्या यादीला ‘ड यादी’ म्हणतात. ‘तुमचं नाव ड मध्ये आहे का?’ हा प्रश्न कितीतरी वर्षं गावोगावच्या पारावर विचारला गेला. तेव्हा घरात फ्रिज असेल तर नाव बाद. दारात मोटारसायकल असेल तरी बाद, मग ती तिसऱ्या हाताची का असेना. 2024 मध्ये या दोन्ही अटी काढल्या, घरातल्या कमावत्या माणसाच्या उत्पन्नाची मर्यादा महिना 10 हजारांवरून 15 हजारांवर नेली. ही सुधारणा चांगली झाली आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. त्यानंतरच्या नव्या सर्वेक्षणात तर माणसाला स्वतःच्या मोबाइलवरून चेहऱ्याची ओळख पटवून आपलं नाव नोंदवता आलं.

[दृश्य: बँक मित्राचं दुकान. अंगठा लावण्याचं यंत्र. पासबुक हातात घेऊन थांबलेली माणसं.]

पैसे येण्याची वाटही बदलली. मंजुरी झाली की पैसे वळते करण्याचा आदेश निघतो, त्यावर अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या होतात आणि रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात येते. मधे कुणाच्या हातात रोकड पडत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण या रांगेत उभं राहिलं की दुसरंच ऐकू येतं. ‘पैसे पडलेत म्हणतात, पण कुठं पडलेत?’ आधारच्या आधारावर पाठवलेला पैसा जातो तो शेवटी ज्या बँकेला आधार जोडलंय तिथे. गॅसच्या अनुदानासाठी एक खातं, पीकविम्यासाठी दुसरं, मधेच शिबिरात कुणी उघडून दिलेलं तिसरं. हातात पासबुक एका बँकेचं आणि हप्ता दुसरीकडेच. तो सापडेपर्यंत गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

[दृश्य: कारखान्याच्या दिशेने निघालेले ट्रॅक्टर. वर बसलेली कुटुंबं, भांडी, शेळी, गुंडाळलेली ताडपत्री.]

हे मराठवाड्यातलं गाव आहे. दसरा झाला, की इथली निम्मी घरं कुलपात जातात. कोयत्याची जोडी म्हणजे नवरा आणि बायको. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची आणि उसाच्या फडावर निघायचं. परतायचं ते गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये.

बांधकामाचा हंगामही नेमका तोच. दिवाळीपासून पहिल्या पावसापर्यंत. विटा वाळतात, नदीला वाळू मोकळी असते, गवंडी मिळतो. म्हणजे ज्या महिन्यांत घर बांधायचं, त्याच महिन्यांत घरमालक दोन-तीन जिल्हे ओलांडून फडावर. आणि फोटोला तर लाभार्थी जोत्यावर उभा पाहिजे.

[दृश्य: मंजुरीपत्र हातात धरलेले लाभार्थी. भिंतीवर चिकटवलेलं मंजुरीपत्र.]

22 फेब्रुवारी 2025. पुण्यात बालेवाडीच्या कार्यक्रमात राज्यातल्या 20 लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं दिली गेली आणि 10 लाख जणांना पहिला हप्ता. इतकी घरं एका झटक्यात मंजूर होणं ही आनंदाचीच गोष्ट. मात्र फेब्रुवारीची अखेर म्हणजे पावसाला उरले साडेतीन महिने. त्यात गावात एकाच वेळी दहा-पंधरा पाये खोदले जाणार. गवंडी तेवढेच, वीटभट्ट्या तेवढ्याच. घरकुलाला 5 ब्रास वाळू मोफत आहे, पण ती घरापर्यंत आणायचा ट्रॅक्टर लाभार्थ्याचा. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात राज्याने अनुदानात 50 हजारांची वाढ जाहीर केली. गरजेची होतीच ती: 1 लाख 20 हजार भागिले 25 चौरस मीटर, म्हणजे चौरस फुटाला साडेचारशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. तरी रक्कम वाढली म्हणून पायातला खड्डा भरत नाही. तो पहिल्याच महिन्यात भरावा लागतो.

[दृश्य: अर्ध्या भिंती. सळया वर आलेले खांब. शेजारी ताडपत्रीचं खोपटं, त्यात चूल.]

म्हणून जोता होतो तो मुकादमाच्या उचलीतून. कधी बचत गटाच्या कर्जातून, कधी सावकाराकडून. पुढचा हंगाम त्या उचलीत बांधला जातो.

[दृश्य: शहरातला गृहप्रकल्प. बँकेतला कर्जाचा काउंटर.]

आता शहरात येऊ. इथे घर बांधायचं नाही, विकत घ्यायचं आहे. 2015 ला सुरू झालेल्या शहरी आवास योजनेत कर्जाच्या व्याजावर अनुदान होतं. कमी उत्पन्नाच्या गटाला 6 लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के. हिशोब करून जास्तीत जास्त 2 लाख 67 हजारांची सगळी रक्कम एकदम कर्जखात्यात जमा व्हायची. मुद्दल तेवढं उतरायचं, हप्ता हलका व्हायचा. सप्टेंबर 2024 पासूनच्या नव्या योजनेत हेच अनुदान 1 लाख 80 हजारांपर्यंत आहे आणि ते पाच वर्षांत विभागून मिळतं. तरी घेणाऱ्याची किल्ली अडत नाही. मधली रक्कम बँकेने भरलेली असते.

गावातल्या माणसाच्या मागे ही बँक नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये इच्छुक लाभार्थ्याला 70 हजारांपर्यंत कर्ज मिळवून द्यावं असं लिहिलेलं आहे. पण तारण म्हणून दाखवायला फक्त ग्रामपंचायतीचा घराचा नमुना आठचा उतारा आणि हातात कोयता असेल, तर बँकेच्या काउंटरवर कोण बोलतं?

[दृश्य: पंचायत समितीचं कार्यालय. टेबलावर फायली, संगणकावर हप्त्यांची यादी.]

सरकारची भीतीही समजून घेऊ. पैसे आधी दिले आणि घर उभंच राहिलं नाही तर? अशी अर्धवट घरं प्रत्येक तालुक्यात आहेत. पण त्यांतली किती पैसे उधळल्यामुळे थांबली आणि किती पैसे पावसात आल्यामुळे, हे वेगळं काढून बघायला हवं. आम्ही ज्या जोत्यांवर गेलो, तिथे विटा रचलेल्या होत्या आणि फोटोची वाट बघणं चालू होतं.

[दृश्य: विटा रचणारे हात. ओळंबा. भिंतीवर पाणी मारणारी मुलगी.]

तेव्हा मागणी साधी आहे. पहिला हप्ता जोत्याच्या खऱ्या खर्चाइतका करा. मंजुरीपत्रं दसऱ्याच्या आधी वाटा, म्हणजे फडावर जायचं की घर बांधायला थांबायचं हे कुटुंबाला ठरवता येईल. मंजुरीनंतर पहिला हप्ता सात दिवसांत द्यायचा, असं योजनेतच म्हटलंय. तीच मुदत जोत्याच्या फोटोलाही लावा. सात दिवसांत अभियंता आला नाही, तर लाभार्थ्याने स्वतः काढलेला फोटो ग्राह्य धरून पैसे सोडा आणि पडताळणी मागून करा. नाव नोंदवताना त्याच माणसाचा मोबाइल आणि चेहरा चालला, मग जोत्यावर उभा राहिल्यावर का चालू नये? आणि पैसे कोणत्या खात्यात जाणार आहेत, ते बँकेच्या नावासकट मंजुरीपत्रावरच छापा.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. हप्त्यांची विभागणी राज्याने ठरवायची असते, मंजुरीपत्रं तालुक्यातून निघतात, आणि या वर्षीचा दसरा कधी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.