अमेरिकेचा पट्टा आणि डेट्रॉइटचं तळघर

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'हेवीवेट बॉक्सिंग : अमेरिकेचं वर्चस्व का संपलं?' कारणं मी सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगू द्या. ती गेली काही वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसली आहे, आणि ती ऐकून घेणारी इतकी माणसं एका जागी पुन्हा कधी मिळतील माहीत नाही.

इथे बसलेल्यांना अली, फ्रेझियर, फोरमन हे जुने जगज्जेते कोण हे सांगायची गरज नाही. अली-फोरमनची किन्शासातली १९७४ ची लढत निम्म्या सभागृहाला तोंडपाठ असेल. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाचा, इतिहास माइक टायसनपाशी येऊन थांबतो. टायसननं होलीफील्डचा कान चावला, संपलं! त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं जे घडलं त्याबद्दल मराठीत कुणी बोलत नाही. मी स्वतः फौजेत असताना सहा वर्षं रिंगमध्ये उतरलो आहे, पुढे पोरांना शिकवलं आहे, म्हणून हे जास्त लागतं. कारण खरी गोष्ट टायसननंतरच सुरू होते.

२२ फेब्रुवारी २०२०, लास व्हेगस. अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर आणि इंग्लंडचा टायसन फ्युरी. वाइल्डरकडे डब्ल्यूबीसी या संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा पाच वर्षं होता; असे मोठे पट्टे चार. सातव्या फेरीत वाइल्डर कोपऱ्यात अडकला, कानातून रक्त येत होतं, आणि त्याच्याच कॉर्नरमधून, म्हणजे त्याच्याच माणसांकडून, हार मान्य केल्याची खूण म्हणून टॉवेल रिंगमध्ये आला. त्या रात्री अमेरिकेच्या हातून हेवीवेटचा शेवटचा मोठा पट्टा गेला. तो अजून परत आलेला नाही.

आता फ्युरीच्या कॉर्नरमध्ये बघा. तिथे वस्ताद म्हणून कोण उभा होता? शुगरहिल स्टुअर्ड. डेट्रॉइटचा माणूस, पूर्वी तिथल्या पोलिसात होता. म्हणजे अमेरिकेचा पट्टा इंग्लंडला गेला, पण तो काढून नेण्याची विद्या डेट्रॉइटची होती. मी 'वस्ताद' म्हणतो आहे, 'कोच' म्हणत नाही. गोष्ट पुढे गेली की का ते कळेल.

डेट्रॉइटच्या पश्चिम भागात मॅकग्रॉ अव्हेन्यूवर क्रॉन्क रिक्रिएशन सेंटर नावाची इमारत होती. महापालिकेची. वर पोरांचे खेळ, पोहण्याचा तलाव वगैरे, आणि खाली तळघरात बॉक्सिंगची रिंग. लाल दरवाजा, आणि त्यावर लिहिलेलं की या दारानं कित्येकांना वेदनेकडे आणि कीर्तीकडे नेलं आहे. आत हीटर मुद्दाम भडकवलेला असायचा. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत भट्टी! पोरं घामानं निथळत एकमेकांशी असे स्पार, म्हणजे सरावाच्या लढती, करायची, की खऱ्या लढती त्यापुढे सोप्या वाटाव्यात.

इथे १९७१ मध्ये शुगरहिलचा काका इमॅन्युएल स्टुअर्ड आला. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणीच्या भागात जन्म. आठव्या वर्षी नाताळात ग्लोव्हज भेट मिळाले. आईबरोबर डेट्रॉइटला आला, आणि १९६३ मध्ये बॅन्टमवेट या हलक्या वजनगटात गोल्डन ग्लोव्हज ही राष्ट्रीय हौशी स्पर्धा जिंकला. ऑलिंपिकचं स्वप्न बघावं असा पोरगा, पण घर चालवायचं होतं. वीज कंपनीत इलेक्ट्रिशियन झाला. मग धाकट्या सावत्र भावाला बॉक्सिंग शिकायचं होतं, म्हणून त्याला घेऊन क्रॉन्कमध्ये आला आणि तिथेच रमला. पालिकेनं त्याला अर्धवेळ काम दिलं, आठवड्याला ३५ डॉलर पगार. नऊ वर्षांत त्या तळघरातून हिल्मर केन्टी जगज्जेता झाला, आणि त्याच वर्षी, म्हणजे १९८० मध्ये, थॉमस हर्न्स. हर्न्सचा उजव्या हाताचा ठोसा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काही सांगायला नको.

स्टुअर्डची पद्धत काय होती? डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. जॅबनं अंतर मोजायचं, समोरच्याला त्या अंतरावर खिळवून ठेवायचं, पायांचा तोल न ढळू देता उजवा सोडायचा. ऐकायला सोपं आहे. माझ्या उस्तादांनी मला पहिले तीन महिने फक्त जॅब मारायला लावला होता, तेव्हा मी मनातून त्यांना शिव्या दिल्या होत्या. मग पहिल्याच खऱ्या लढतीत तीन फेऱ्या मला त्या जॅबनंच वाचवलं. स्टुअर्ड पोरांना घरी ठेवून घ्यायचा, स्वतः रांधून जेवू घालायचा. तालमीत वस्ताद करतो तेच. म्हणून म्हटलं, वस्ताद.

आता २४ सप्टेंबर १९९४. लंडन, वेम्बली. ब्रिटनचा लेनॉक्स लुईस जगज्जेता, समोर अमेरिकेचा ऑलिव्हर मॅकॉल. मॅकॉल जिंकेल असं फार थोड्यांना वाटत होतं. दुसऱ्या फेरीत लुईसनं उजवा सोडला, त्याच क्षणी मॅकॉलचाही उजवा सुटला, आणि मॅकॉलचा आधी पोचला. लुईस उठला खरा, पण पाय लटपटत होते; पंचानं लढत थांबवली. मॅकॉलला तयार कुणी केलं होतं? इमॅन्युएल स्टुअर्डनं.

आणि लुईसनं काय केलं? ज्यानं आपल्याला पाडण्याची युक्ती शोधली, त्याच माणसाला आपला वस्ताद केलं! मला हा क्षण सगळ्या बॉक्सिंगच्या इतिहासात फार मोठा वाटतो. हरल्यावर पंचाला दोष देणारे, पोट बिघडलं होतं म्हणणारे आपण रोज बघतो. लुईस थेट त्या माणसाच्या दारात गेला. पुढे १९९७ मध्ये मॅकॉलशी पुन्हा गाठ पडली. मॅकॉल रिंगमध्ये रडू लागला, लढेचना, पाचव्या फेरीत लढत थांबवावी लागली. त्या रात्रीचं फुटेज मी एकदाच पाहिलं, पुन्हा बघवलं नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये लुईसनं होलीफील्डला हरवून तेव्हाचे तिन्ही मोठे पट्टे एकत्र केले, २००२ मध्ये मेम्फिसला टायसनला आठव्या फेरीत झोपवलं. कॉर्नरमध्ये स्टुअर्ड.

लुईस २००४ मध्ये निवृत्त झाला. स्टुअर्ड आता कुणाला घेणार? युक्रेनच्या व्लादिमीर क्लिच्कोला. अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, पण तोवर दक्षिण आफ्रिकेच्या कॉरी सँडर्सनं त्याला दुसऱ्या फेरीत उडवलं होतं. स्टुअर्डच्या हाताखालची पहिलीच लढत लॅमन ब्रूस्टरशी. व्लादिमीर तीही हरला, पाचव्या फेरीनंतर उभंही राहवेना. याचा जबडा काचेचा, हा संपला, असंच सगळे म्हणाले. स्टुअर्डनं हात सोडला नाही. २००५ मध्ये सॅम्युएल पीटरनं व्लादिमीरला तीनदा खाली पाडलं, तरी तो गुणांवर जिंकला. एप्रिल २००६ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमला त्यानं क्रिस बर्डला हरवलं, आणि तिथून साडेनऊ वर्षं त्याचा पट्टा कुणाला काढून घेता आला नाही. लांब डावा, मागे तयार उजवा. डेट्रॉइटचं तळघर ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या सराव शिबिरात जाऊन बसलं होतं.

त्याच २००६ चा उन्हाळा आठवा. अमेरिकेच्या हसीम रहमानची जाहिरात 'अमेरिकेची शेवटची संरक्षक फळी' अशी केली होती. ऑगस्टमध्ये ओलेग मस्काएवनं लास व्हेगसमध्येच ती फळी तोडली. चारही मोठे पट्टे सोव्हिएत संघात जन्मलेल्यांकडे गेले: वालुएव, मस्काएव, लियाखोविच, क्लिच्को. पुढे शॅनन ब्रिग्जनं त्यातला एक काही महिने परत आणला, आणि जून २००७ मध्ये तोही गेला. मग २०१५ पर्यंत एकाही अमेरिकन हेवीवेटच्या कमरेला मोठा पट्टा नव्हता.

आणि त्याच २००६ मध्ये मॅकग्रॉ अव्हेन्यूवर काय झालं? पालिकेकडे पैसे नव्हते, सेंटर चालवणं परवडेना. त्यातच चोरांनी इमारतीतले तांब्याचे पाइप काढून नेले, पाणी गेलं. क्रॉन्क बंद झालं. ज्या वर्षी व्लादिमीर जगज्जेता झाला, त्याच वर्षी त्याच्या वस्तादाची तालीम बंद पडली!

डेट्रॉइट हे साधंसुधं शहर नाही. हेवीवेटचा जुना जगज्जेता जो लुईस अलाबामातून बारा वर्षांचा असताना तिथे आला. आईनं व्हायोलिन शिकायला दिलेले पैसे त्यानं बॉक्सिंगला लावले, आणि शिकला कुठे, तर पालिकेच्याच ब्रूस्टर सेंटरमध्ये. तेही पुढे बंद पडलं. १९५० मध्ये या शहराची वस्ती साडेअठरा लाख होती. २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली. शहराच्या मध्यावर जो लुईसच्या नावानं २४ फुटी ब्राँझचा हात टांगलेला आहे, मूठ आवळलेला. तो हात आहे, आणि ज्या खोल्यांत पोरांना मूठ आवळायला शिकवत होते त्या खोल्या नाहीत. मला याचा राग येतो. आजही येतो.

स्टुअर्ड २०१२ मध्ये गेला. व्लादिमीरचा वस्ताद मग जोनाथन बँक्स झाला, तोही क्रॉन्कचाच बॉक्सर. आणि व्लादिमीरला २०१५ मध्ये हरवणारा फ्युरी? तो २०१० मध्येच डेट्रॉइटला जाऊन स्टुअर्डच्या घरी राहून आला होता. वाइल्डरशी पहिली लढत बरोबरीत सुटल्यावर दुसऱ्या लढतीसाठी त्यानं स्टुअर्डच्या पुतण्याला, शुगरहिलला बोलावलं. १२४ किलो वजन घेऊन उतरला, मागे न हटता पुढे गेला, अगदी क्रॉन्कच्या रीतीनं. तेव्हा त्या सात फेऱ्या मी बघत होतो आणि मला रिंगमध्ये तळघर दिसत होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. बरं. पत्रिकेवरचा विषय आता भराभर घेतो.

पहिलं, जुनं वर्चस्व अर्धवट उघड्या दारामागचं होतं. क्यूबानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच व्यावसायिक खेळ बंद केले. सोव्हिएत बॉक्सर १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्यावसायिक होऊ शकत नव्हते. तेओफिलो स्टीव्हन्सननं १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये जॉन टेटला पहिल्याच फेरीत झोपवलं. तो टेट तीन वर्षांनी डब्ल्यूबीए या दुसऱ्या मोठ्या संघटनेचा हेवीवेट जगज्जेता झाला! स्टीव्हन्सनला दोनदा हरवणारा सोव्हिएत इगोर विसोत्स्की तर आपल्याकडे नावानंही माहीत नाही. यामुळे अली किंवा फ्रेझियर लहान होत नाहीत. पण अख्खं जग त्यांच्याशी लढायला मोकळं नव्हतं.

दुसरं, मोठी पोरं कुठे जातात. सहा फूट चार इंचांचा, शंभर-एकशेदहा किलोचा चपळ पोरगा अमेरिकेत असला की शाळेतच फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच त्याला हेरतो. कॉलेजची फी माफ, पुढे लीग. कॉलेजात बॉक्सिंग होतं. १९६० च्या स्पर्धेत विस्कॉन्सिनचा चार्ली मोर लढतीनंतर मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला, आणि त्यानंतर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेनं बॉक्सिंगची स्पर्धा बंद केली. वाइल्डरला स्वतःला अलाबामा विद्यापीठाकडून फुटबॉल-बास्केटबॉल खेळायचं होतं. मुलगी पाठीच्या कण्याचा दोष घेऊन जन्मली, उपचारांना पैसे हवेत म्हणून विसाव्या वर्षी त्यानं ग्लोव्हज घातले. तीन वर्षांत बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य! केवढी ताकद असेल. पण व्लादिमीर चौदाव्या वर्षी शिकायला लागला होता, आणि विसाव्या वर्षी तो ऑलिंपिकविजेता होता. वाइल्डरकडे तो उजवा होता. जॅब, पाय, अंतर हे सगळं लहान वयात मुरावं लागतं.

तिसरं, पैसा. व्लादिमीरला जर्मनीतली स्टेडियमं आणि तिथलं टीव्ही मिळालं. ब्रिटननं लॉटरीच्या पैशातून शेफील्डला कायमचं राष्ट्रीय केंद्र उभं केलं. अँथनी जोशुआ त्याच व्यवस्थेतून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन आला. अमेरिकेच्या पुरुषांना त्याच लंडनमध्ये एकही पदक नाही. अमेरिकेतल्या एचबीओ वाहिनीनं २०१८ मध्ये बॉक्सिंग सोडलं, शोटाइम वाहिनीनं २०२३ मध्ये. आता मोठ्या लढती रियाधला होतात. मे २०२४ मध्ये तिथेच उसिकनं फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले. सगळे पट्टे एकाकडे आले ते लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा. युक्रेनचा उसिक विरुद्ध इंग्लंडचा फ्युरी, सौदी अरेबियात; त्या रात्री अमेरिकन माणूस दिसला तो फ्युरीच्या कॉर्नरमध्ये. शुगरहिलच.

चौथा मुद्दा अँडी रुइझचा होता. कॅलिफोर्नियाचा पोरगा, जून २०१९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जोशुआला चार वेळा पाडून जिंकला आणि सहा महिन्यांत पट्टा गमावून बसला. त्याच्यावर सविस्तर बोलायचं होतं, ते राहिलं. कुणी विचारलं तर चहाच्या वेळी सांगेन.

क्रॉन्कची ती रिकामी इमारत ऑक्टोबर २०१७ मध्ये जळाली. मी फोटो पाहिला. छत कोसळलेलं होतं. तळघराचं काय झालं ते फोटोत दिसत नव्हतं.