तारीख लिहायची ती कोणासाठी?

नमस्कार. ‘वेब प्रोग्रॅमिंगमध्ये तारीख आणि वेळ मजकुरात कशी मांडावी’ असा आजचा विषय जाहीर झाला आहे आणि तीन प्रकारच्या काळांसाठी तीन वेगळ्या मांडणी सांगेन, असे मी आयोजकांना कबूल केले आहे. त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी मात्र बराच काळ मनात असलेला एक मुद्दा मांडतो. आपण जी तारीख मजकुरात उतरवतो आहोत, ती माणूस वाचणार आहे की दुसरा प्रोग्रॅम, हे कोडची ओळ लिहिण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. माणसासाठी सजवलेली तारीख हा शेवटचा टप्पा असतो. त्या सजवलेल्या मजकुरातून पुन्हा वेळ काढायला गेलो की घोळ सुरू होतो.

याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण एका स्पेसचे आहे. कोणत्या भाषेत तारीख आणि आकडे कसे लिहितात, याची माहिती साठवणारा युनिकोडचा सीएलडीआर नावाचा संग्रह आहे आणि बहुतेक ब्राउझर त्याच्याच आधाराने तारीख मांडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये या संग्रहाची ४२वी आवृत्ती आली. तिच्यात अमेरिकी इंग्रजीच्या वेळेतील मिनिटे आणि ‘पीएम’ यांच्यामधली साधी स्पेस काढून तेथे अरुंद, न तुटणारी स्पेस घालण्यात आली. अक्षरजुळणीच्या दृष्टीने हा निर्णय अगदी रास्त होता, कारण ओळीच्या शेवटी आकडे वर राहावेत आणि ‘पीएम’ खालच्या ओळीत जावे, हे कोणालाही नको असते. पडद्यावर पाहणाऱ्याला काही बदलले आहे, हे कळलेही नसते. हा बदल फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमच्या ११०व्या आवृत्तीतून लोकांपर्यंत पोहोचला आणि ठिकठिकाणी ‘इनव्हॅलिड डेट’ असे उत्तर येऊ लागले. असे का झाले? जावास्क्रिप्टमध्ये ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ हे फंक्शन तारखेचा माणसासाठी मजकूर बनवते आणि ‘डेट’ मजकुरातून तारीख-वेळ वाचते. पहिल्याने तयार केलेला मजकूर कितीतरी प्रोग्रॅम पुन्हा ‘डेट’च्या हाती देऊन त्यातून वेळ काढत होते आणि वाचणाऱ्या भागाला ही नवी स्पेस ओळखीची नव्हती. ज्या चाचण्यांमध्ये अपेक्षित मजकूर अक्षरशः लिहून ठेवला होता, त्याही कोसळल्या. अखेर ब्राउझरकर्त्यांनी ती स्पेस पुन्हा साधी केली.

या प्रकरणात सीएलडीआरला बोल लावणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. लोकेलनुसार, म्हणजे वाचकाच्या भाषा-प्रदेशानुसार, मांडलेला मजकूर आवृत्तीगणिक बदलू शकतो, आणि तो बदलता यावा यासाठीच तर त्याचा वेगळा संग्रह आहे. मराठी लोकेल मागितले तर आकडे देवनागरीत येतात आणि मजकुरात नमुने शोधणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील अंकांची खूण देवनागरी अंक ओळखत नाही. ज्याने हा मजकूर केवळ दाखवला, त्याचे यात काही बिघडत नाही. ज्याने तो साठवला, त्याचे बिघडते.

आता साच्यांतील, म्हणजे तारीख कशी लिहायची हे प्रोग्रॅमला सांगणाऱ्या खुणांतील, अक्षरांविषयी, कारण येथे चूक वर्षभर लपून राहते. युनिकोडच्या साच्यात लहान वाय म्हणजे आपले नेहमीचे वर्ष आणि कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशेबातले वर्ष. बहुतेक दिवशी दोन्ही सारखीच असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या नियमाने त्या दिवशी २०२५ चा पहिला आठवडा सुरू झाला. साच्यात चार कॅपिटल वाय लिहिणाऱ्याच्या पडद्यावर त्या दिवशी ३० डिसेंबर २०२५ अशी तारीख उमटते, म्हणजे थेट एक वर्ष पुढची. यात भर अशी की तारखा हाताळणाऱ्या मोमेंट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत चार कॅपिटल वाय हेच नेहमीचे वर्ष आहे, त्यामुळे तिथली सवय घेऊन दुसरीकडे गेलेला माणूस अलगद फसतो. डेट-एफएनएस या तशाच दुसऱ्या लायब्ररीने आपल्या दुसऱ्या आवृत्तीपासून असा साचा स्पष्ट परवानगीशिवाय दिल्यास सरळ चूक दाखवायला सुरुवात केली, हे मला फार योग्य वाटते. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत लहान एम म्हणजे महिना आणि मिनिटांसाठी आय. तासापुढे सवयीने एम लिहिला, तर मार्चभर प्रत्येक नोंदीची मिनिटे ०३ दिसतात आणि नोंदी थोड्या असतील तर ते पटकन लक्षातही येत नाही.

महिने शून्यापासून मोजण्याची, म्हणजे जानेवारीला ० धरण्याची, रीत सी भाषेतून जावामार्गे १९९५ साली जावास्क्रिप्टमध्ये आली. वर्षातून १९०० वजा करण्याची पद्धतही त्याच वाटेने आली आणि त्या वजाबाकीपुढे ‘१९’ चिकटवणाऱ्या पानांवर २००० साली ‘१९१००’ असे वर्ष झळकले. त्यावर अजून बोलता आले असते, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून कबूल केलेले तीन प्रकार आता भराभर सांगतो.

पहिला प्रकार म्हणजे घडून गेलेला क्षण: लॉगिन, पैसे भरल्याची नोंद. तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, शेवटी तिची खूण म्हणून झेड लावून, आरएफसी ३३३९ या इंटरनेट मानकाच्या साच्यात लिहावा. जावास्क्रिप्टमध्ये ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ हेच काम करते.

दुसरा प्रकार म्हणजे वेळेशिवायची नुसती तारीख, उदाहरणार्थ जन्मतारीख. ती क्षण नाही, म्हणून तिला वेळ आणि टाइमझोन जोडूच नयेत. ‘१९९०-०३-१५’ हा मजकूर ‘डेट’ला दिला, तर तो यूटीसीची मध्यरात्र मानला जातो आणि न्यूयॉर्कमधल्या माणसाला १४ मार्च दिसतो. याच मजकुरापुढे टी आणि वेळ जोडली की तो स्थानिक वेळ मानला जातो. उलट बाजूने, यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या घड्याळावर १५ मार्चची स्थानिक मध्यरात्र घेऊन तिच्या ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ मजकुरातून तारखेपुरता भाग कापून घेतला, तरीही १४ तारीखच हाती येते. एचटीएमएलमधील तारखेचा इनपुट पडद्यावर काहीही दाखवो, आपली किंमत वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने मजकूर म्हणून देतो. तो मजकूर तसाच साठवावा.

तिसरा प्रकार म्हणजे भविष्यातली ठरलेली वेळ, उदाहरणार्थ पुढच्या वर्षीची बैठक. येथे स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव दोन्ही साठवावीत, यूटीसीपासूनचा नुसता तासांचा फरक पुरत नाही, कारण सरकारे नियम बदलतात. सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. टाइमझोनचे नाव चौकटी कंसात जोडण्याची रीत २०२४ च्या आरएफसी ९५५७ ने प्रमाणित केली आहे आणि जावास्क्रिप्टच्या ‘टेम्पोरल’ या तारीख-वेळेच्या नव्या सुविधेमध्ये या तिन्ही प्रकारांसाठी स्वतंत्र टाइप आहेत.

शेवटी दाखवण्याविषयी एवढेच. लोकेलनुसार मजकूर मांडणाऱ्या जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’ या सुविधेला लोकेल आणि टाइमझोन दोन्ही उघडपणे द्या. न दिल्यास सर्व्हरवर तयार झालेले पान सर्व्हरच्या टाइमझोनमधली वेळ दाखवते, ब्राउझर तोच भाग पुन्हा रंगवताना वाचकाच्या टाइमझोनमधली वेळ लिहितो आणि वाचकाच्या डोळ्यांदेखत तारीख बदलते. आता प्रश्न घेऊ.