सोडलेलं पांढरं : मालीच्या बोगोलान कापडाविषयी

केसांना लावायची मेंदी लोखंडी कढईतच का भिजवतात? आवळकाठी त्याच कढईत रात्रभर ठेवली की सकाळी पाणी काळंकुट्ट का होतं? समोर माना हलताहेत, म्हणजे अर्धं व्याख्यान तुम्हाला आधीच येतं. आवळ्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, कढईत लोखंड. दोन्ही एकत्र आलं की काळा रंग तयार होतो, आणि तो धुऊन जात नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बामाना समाजातल्या बायका बोगोलानफिनी रंगवतात, ते याच रसायनावर. ‘बोगो’ म्हणजे माती, ‘लान’ म्हणजे तिच्यामुळे झालेलं आणि ‘फिनी’ म्हणजे कापड.

याचं भाषांतर सर्रास ‘चिखलाची छपाई’ असं होतं. माझं भांडण इथूनच सुरू होतं, कारण यात छपाई नाही आणि नुसत्या चिखलाने काहीच रंगत नाही. कोऱ्या कापडावर हवा तेवढा चिखल फासा, एका धुण्यात निघून जाईल. फार तर पावसाळ्यात धोतराला पडतो तसा मळकट डाग राहील.

म्हणून आधी पाला. आणि त्याच्याही आधी कापड. सूत बायका हाताने काततात, विणकाम पुरुषांचं. माग अरुंद असतो, पट्टी निघते १० ते १५ सेंटिमीटर रुंद. अशा सात-आठ पट्ट्या कडेला कड लावून शिवल्या की अंगाभोवती गुंडाळण्याजोगं कापड होतं. ते धुऊन आटवून घ्यायचं. ही पायरी गाळली तर कापड नंतर आटतं आणि रेषा वाकड्या होतात. मग न्गालामा झाडाचा पाला कुटून, उकळून किंवा भिजवून काढलेल्या पाण्यात कापड बुडवायचं. न्गालामा म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. ज्या धावड्याच्या डिंकाचे लाडू तुम्ही थंडीत खाता, तोच! वनस्पतीशास्त्रज्ञांनी अलीकडे या दोघांना हिरडा आणि ऐन यांच्याच प्रजातीत नेऊन बसवलंय. रंगाऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं, टॅनिन सगळ्यांकडे भरपूर.

कापड पिवळं होतं. ते जमिनीवर सपाट पसरून उन्हात वाळवतात. वरची, ऊन खाल्लेली बाजू जास्त गडद होते, तीच उजवी बाजू. इथे आळस केला, एकदाच पुसटसं बुडवलं, तर पुढे काळा रंग राखाडीवरच अडतो.

आता चिखल. तो तळ्याच्या तळाचा, लोहयुक्त, आणि मडक्यात पाण्याखाली महिनोन्महिने, कधी वर्षभर मुरवलेला. मुरवायचा कशासाठी? मातीतलं लोखंड एरवी गंजाच्या रूपात असतं, पाण्यात विरघळत नाही, धाग्यात शिरत नाही. हवा न लागता कुजल्यावर त्याचं विरघळणारं रूप तयार होतं. ते धाग्यात शिरतं, तिथल्या टॅनिनला धरतं आणि हवा लागली की काळं पडतं. ताजा चिखल लावला तर तपकिरी डागांपलीकडे काही मिळत नाही.

आता मला खरी सांगायची गोष्ट. वारलीत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी आकृती काढतात. बोगोलानमध्ये पांढरी आकृती कुणी काढतच नाही. बाई बांबूची काडी किंवा लोखंडाची चपटी पट्टी चिखलात बुडवते आणि आकृतीच्या भोवतालची जागा भरत जाते. आधी बारीक काडीने आकृतीची कड बांधायची, मग रुंद पट्टीने बाहेरचं मैदान भरायचं. नक्षी म्हणजे तिने सोडलेली जागा. हात चुकला तर खोडता येत नाही, एकदा काळं ते काळंच. मग धुणं, पुन्हा पाल्याचं पाणी, त्याच रेषांवरून पुन्हा चिखल.

शेवटी सोडलेल्या जागेतलं पिवळं घालवायचं. कॉस्टिक सोडा, बाजरीचा कोंडा आणि कुटलेले शेंगदाणे यांचं मिश्रण फक्त त्या जागेवर लावतात. ती आधी तपकिरी होते. आठवडाभर उन्हात ठेवून धुतलं की पांढरी निघते. सोडा तेज झाला तर सूत कुजतं, काळ्यावर सांडला तर काळं विटतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. विषय जाहीर झाला होता ‘कापडाचा अर्थ’, तेव्हा तिकडे वळतो.

बामाना समजुतीप्रमाणे रक्त सांडतं तिथे ‘न्यामा’ नावाची शक्ती मोकळी होते आणि ती घातक ठरू शकते. म्हणून हे कापड शिकाऱ्याच्या अंगावर असतं, आणि बायकांच्या अंगावर सुंता, लग्न, बाळंतपण अशा वेळी. सुंतेची प्रथा आज तिथेही वादाची आहे, पण तो संदर्भ टाळून कापडाचा अर्थ सांगता येत नाही. कापड ती शक्ती शोषून घेतं, अशी श्रद्धा.

आकृत्यांना नावं आहेत. एक ‘घोरपडीचा कोपर’: घोरपड शिकाऱ्याला पाण्यापर्यंत नेते, म्हणून शुभ. दुसरी मॉरिटानियातल्या श्रीमंत बाईची उशी. पण याचा छापील कोश करू नका. कोणती आकृती कोणाशेजारी आली यावर अर्थ ठरतो, आणि तो आईकडून मुलीकडे जातो.

१९७८ मध्ये मालीच्या राजधानीत, बामाकोत, सहा चित्रकारांनी ‘बोगोलान कासोबाने’ हा गट स्थापन केला आणि हे तंत्र चित्रकलेत आणलं. फॅशन डिझायनर क्रिस सेदू (१९४९–१९९४) याने त्याचे आधुनिक कपडे केले. या कापडाला कात्री लावायला तो सुरुवातीला कचरत असे.

आज पर्यटकांसाठी साचा ठेवून चिखलाने थेट आकृती उमटवतात. त्यात कमीपणा काही नाही, त्यावर घरं चालतात. पण सोड्याची पायरी तिथे नसते. कापड हातात आलं तर उजेडात धरा आणि पांढऱ्या रेषेची कड बघा. ती जराशी थरथरलेली असेल, आत कुठे पिवळसर झाक राहिली असेल, तर भोवतालचं काळं कुणीतरी काडीने, दोनदा, भरलेलं आहे.